पॉइंट साफ आहेत

ऑक्टोबर मला आवडत नाही. मुंबईत कोणाला आवडतो म्हणा! पाऊस गेलेला, थंडीचा अजून पत्ता नाही, आणि मधल्यामध्ये हे ऊन. सकाळी नऊला घराबाहेर पडावं तर दहा पावलांत ब्लाउज पाठीला चिकटतो. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंखा वाढवून मोकळे होतात. माझं तसं नाही. माझ्या ऑक्टोबरला रॉकेलचा वास आहे, झेंडूचा वास आहे, आणि त्यात मी बोललेलं एक खोटं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच वाटायला नको की बाई आता ऋतूंवर लाडे लाडे लिहिणार आहे.

परवाचीच गोष्ट. अंधेरीत आमच्या बिल्डिंगखाली कोणीतरी जुन्या मोटरसायकलला किक मारत होतं. मी ओट्यापाशी गवार मोडत होते. एक किक, दोन, पाच, सात. गाडी नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. दहाव्या किकेला माझे हात थांबले. सून म्हणाली, “आई, काय झालं?” मी म्हणाले, “काही नाही. त्याला वरून ओरडून सांग, पॉइंट बघ म्हणावं.” “कसले पॉइंट?” आता हिला काय सांगणार! हल्लीच्या गाड्यांत पॉइंट नसतातच. बटण दाबलं की झालं. मी पुन्हा गवार मोडायला घेतली, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पंच्याऐंशी साली आम्ही मुलुंडला राहायचो, आग्रा रोडच्या आत, एका बैठ्या चाळीत. घरात चार माणसं: आबा, आई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा दादा आणि मी. मी एकवीस वर्षांची, टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली, आणि घरात बसलेली. दोन खोल्या. आमचं बिऱ्हाड चाळीच्या टोकाला, म्हणून आम्हाला एक जास्तीची चैन होती. आमची भिंत आणि शेजारच्या रबराच्या कारखान्याची भिंत यांच्यामध्ये तीन-साडेतीन फुटांची एक गल्ली होती. त्या गल्लीत आबांची गाडी उभी असायची.

गाडी म्हणजे लढाईच्या काळातली विलायती मोटरसायकल. पाचशे सीसी, एकच सिलिंडर, मूळचा रंग लष्करी हिरवा असावा. लढाई संपल्यावर पलटणीच्या भंगारातून अशा गाड्या निघाल्या, त्यातली ही कुठून कुठून फिरत आबांकडे आली होती. लग्नाआधी आबा म्हणे तिच्यावर बसून पार कसारा घाटापर्यंत जाऊन यायचे. मी पाचवीत असताना ती बंद पडली. आबांनी तिला गल्लीत सरकवलं, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. मांजरीची दोन बाळंतपणं त्या ताडपत्रीखाली झाली.

आता आमच्या घराची खासियत सांगते. माझे आईवडील एकमेकांशी बोलत नसत. भांडण नाही, आदळआपट नाही. बोलतच नसत. माझ्या आठवणीत तर कधीच बोलले नाहीत. सगळं बोलणं आम्हा दोघा मुलांच्या मार्फत. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “बेबी, बापाशीक सांग, जेवान वाढलंय.” आबा तीन हातांवर खाटेवर बसलेले, सगळं ऐकत असलेले. तरी मी जायचं आणि सांगायचं, “आबा, आई म्हणते जेवण वाढलंय.” मग आबा म्हणणार, “आवशीक सांग, इलंय.” की मी परत तीन हात, “आई, आबा म्हणतात आलो.” दोघं मालवणीतून बाहेर यायला तयार नाहीत, आम्ही पोरं मुंबईच्या मराठीत. म्हणजे निरोप्याबरोबर दुभाष्याचंही काम. या अबोल्याचं कारण आम्ही दोघांनाही विचारून पाहिलं होतं. आई म्हणाली, “तुज्या बापाशीक इचार.” आबा म्हणाले, “तुज्या आवशीक म्हायत आसा.” झालं समाधान!

हसायला येतं ना? आम्हालाही यायचं. दादा आणि मी तर पाळ्या लावून घेतल्या होत्या. सकाळचे निरोप त्याचे, संध्याकाळचे माझे. कोणी आजारी पडलं तर बदली. त्याची पाळी असली की मी बाहेर पायरीवर जाऊन बसायची आणि माझी असली की तो. त्या दोन खोल्यांत श्वास घ्यायला जी काही फट होती, ती एवढीच. दुसरा आहे, तो मला सोडवायला येईल. हे कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही, पण दोघंही त्याच्यावरच जगत होतो.

आबा एका कारखान्यात फिटर होते आणि त्या दिवाळीला रिटायर व्हायचे होते. कारखान्याचा रिवाज असा की बापाच्या जागी मुलाला घेत. त्यासाठी दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. दादाला ती नोकरी नको होती. त्याला गाड्या हव्या होत्या. चाळीतल्या कोणाची स्कूटर बिघडली की हा जेवण टाकून पळायचा. कोल्हापूरच्या एका गॅरेजवाल्याने त्याचं काम पाहिलं होतं, “ये, जुन्या गाड्यांना माणूस हवाच आहे,” म्हणाला होता. दादाने हे घरात सांगितलं तेव्हा आबा जेवत होते. त्यांनी शांतपणे भात कालवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “मेकॅनिक होतलंस? गल्लीतली गाडी चालू करून दाखय. दसऱ्यापर्यंत. भायर येतली ती इंजिनावर, ढकलून काढूची नाय. चालू झाली तर जा खंय जावचा ता. नाय झाली तर सोमवारी सात वाजता माज्या वांगडा गेटार.”

“ठरलं,” दादा म्हणाला.

आतून आईचा आवाज आला, “बेबी, बापाशीक सांग, पितृपक्षात नवीन काय सुरू करूचा नाय.”

“जुनीच आहे गं ती, तुझ्या लग्नाच्या आधीची,” असं म्हणून दादाने त्याच संध्याकाळी ताडपत्री काढली.

त्यानंतरचे दिवस चांगले होते. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढचं ऐकल्यावर कोणाला खरं वाटणार नाही. रेशनचं रॉकेल थाळीत ओतून आम्ही एकेक भाग त्यात बुडवायचो आणि जुन्या बनियनने पुसायचो. काळा, चिकट, वर्षानुवर्षांचा मळ सुटायचा आणि खालून पितळ चमकायचं, तेव्हा दादा अशी शीळ घालायचा की चाळीतल्या बायका डोकवायच्या. कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक त्याने स्टोव्हच्या पिनने साफ केलं. पेट्रोल गळू नये म्हणून मध्ये घालायची चकती मी एका आतेभावाच्या लग्नपत्रिकेतून कापली. जाड कागद होता, वर गणपती होता, गणपती सोडून कापली. हाताचा रॉकेलचा वास साबणाने जायचा नाही. आई वाढताना म्हणायची, “माज्या स्टोवाचा निम्मा रॉकेल ती गाडीच प्याली.” पण तिचाही एक डोळा गल्लीकडे असायचा. खिडकीतून बघायची आणि बघताना सापडली की फडकं झटकायची.

माझी नेमणूक झाली ती हातामुळे. गाडी डाव्या अंगाने कारखान्याच्या भिंतीला लागून उभी होती, कारण उजवीकडे किक मारायला जागा लागते. डावीकडे भिंत आणि इंजिन यांच्यात जेमतेम वीतभर फट. आणि ठिणगी तयार करणारा जो मॅग्नेटो, त्याचे पॉइंट नेमके त्या बाजूला. पॉइंट म्हणजे एका गोल टोपणाखाली टिकलीएवढे दोन धातूचे तुकडे. इंजिन फिरतं तसे ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात. ते सुटले की ठिणगी पडते. दादाचा पंजा म्हणजे फावडं, तो त्या फटीत कोपरापर्यंतही जाईना, आणि डोकं घालून बघणं तर सोडूनच द्या. माझा हात आरामात जायचा. “बेबी, तू माझी डावी बाजू,” दादा म्हणायचा.

घटस्थापनेच्या दिवशी टायमिंग लावायचं ठरलं. पिस्टन वर येताना नेमका कुठे असताना ठिणगी पडली पाहिजे, ते बसवायचं म्हणजे टायमिंग. प्लगच्या भोकातून दादाने माझी विणायची सुई आत सोडली होती, पिस्टन किती वर आला ते कळायला. मागचं चाक तो इंचाइंचाने फिरवायचा. आणि मी फटीत हात घालून त्या दोन टिकल्यांमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरून बसायची. टिकल्या मिटलेल्या असल्या की कागद अडकतो, उघडल्या की अलगद सुटतो. “सुटला!” मी ओरडायची. “लवकर सुटला. परत,” दादा म्हणायचा. परत सुई, परत चाक, परत कागद. सकाळचे दोन तास. पाठीमागे कारखान्याची भिंत तापत चाललेली, रबराचा जळका वास, मानेवरून घामाचे ओघळ. आणि एकदाचा तो म्हणाला, “जमलं! झकास! हलू नको, बेबी, अजिबात हलू नको.” त्याने नट आवळला.

तेवढ्यात आईची हाक. “बेबी! बापाशीक इचार, घटार माळ तेंका घालूची आसा काय?”

सकाळची पाळी दादाची. पण त्याचे हात काळेकुट्ट. दुसरी हाक आली तेव्हा मी पट्टी ओढली. ती फाटली आणि अर्धीच माझ्या हातात आली. उरलेली खाली पडली असेल म्हणून मी टोपण दाबून बसवलं आणि पळाले. आबांना विचारलं, आबांचा निरोप आईला सांगितला. घटावर पहिली माळ चढली.

संध्याकाळी दादाने किक मारली. काही नाही. इंजिन खोकलंसुद्धा नाही. वीसेक किका मारून त्याने प्लग काढला, इंजिनावर टेकवला आणि पुन्हा मारली. ठिणगी नाही. “पॉइंट बघ गं,” तो म्हणाला. मी फटीत हात घातला, टोपण काढलं आणि बोट फिरवलं. तेलात भिजून मऊ झालेला कागदाचा तुकडा दोन टिकल्यांमध्ये चिकटून बसला होता. बोटाला लागला. त्याच्यामुळे टिकल्या एकमेकींना टेकतच नव्हत्या, मग ठिणगी कुठून पडणार! नखाने निघाला असता.

त्या दिवशी दुपारी दादाने खाटेखालची ट्रंक काढून दोन पँटी आत ठेवल्या होत्या. “मी गेलो की ही खाट तू घे, खाली झोपायला नको,” म्हणाला होता. चांगल्या मनाने म्हणाला होता. आणि आता फटीत हात घातलेल्या अवस्थेत मला घरातून आईचा आवाज ऐकू आला, काहीतरी आबांना विचारायचं होतं, आणि मला एकदम दिसलं. दोन्ही पाळ्या माझ्या. सकाळ माझी, संध्याकाळ माझी. तो कोल्हापूरला शीळ घालणार आणि मी त्या तीन हातांत येरझाऱ्या घालणार, आई म्हणते, आबा म्हणतात, आई म्हणते, आबा म्हणतात, किती वर्षं कोणास ठाऊक.

“साफ आहेत,” मी म्हणाले.

दादाने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

नंतरचे नऊ दिवस मी रोज ठरवायची, उद्या काढते. उद्या काढलं तरी चालेल, दसरा अजून लांब आहे. घटाची एकेक माळ वाढत होती. मातीतून पिवळे कोंब वर येत होते. समोरच्या गुजराती सोसायटीत दिवेलागणीनंतर गरबा सुरू व्हायचा, टाळ्यांचा आवाज गल्लीत यायचा, आणि दादा त्या तालावर किका मारायचा. त्याने नवा प्लग आणला. वायर बदलली. आबांचा दाढीचा आरसा आणून फटीत धरायला लावला. तो आरसा मीच धरला, आणि त्यात त्याला माझीच बोटं दिसली, बाकी काळोख. किकेवरून पाय सटकून नडगी सोलली, आईने हळद भरली. शेवटी त्याने निदान केलं की अकरा पावसाळ्यांत मॅग्नेटोच्या आत ओल शिरली आहे. तो खोलायचा तर गाडी भिंतीपासून लांब घ्यायला हवी, म्हणजे गल्लीबाहेर ढकलायला हवी. तो आबांकडे गेला. “फक्त चार हात बाहेर घेतो. लगेच आत.”

“नाय,” आबा म्हणाले. “इंजिनावर.”

मग त्याने घरातून वायर ओढून मॅग्नेटोजवळ शंभरचा बल्ब टांगला, ओल सुकवायला. दिवसरात्र तो बल्ब जळायचा. आत देव्हाऱ्यापाशी घटाचा अखंड दिवा आणि बाहेर गल्लीत गाडीचा. आई म्हणाली, “बापाशीक सांग, गाडीक पण नंदादीप लावलो हा.” आबा चक्क हसले. निरोप पोचवायची गरज न पडता हसले. तो प्रसंग मला फार गोड वाटायला हवा होता, पण मी त्या बल्बकडे बघू शकत नव्हते. दादाच्या बनियनवर उजेड पडलेला, तो वाकून बसलेला, आणि मला विचारतोय, “बेबी, परत एकदा बघतेस पॉइंट? माझ्या समाधानासाठी.” मी हात घालायची. बोटाला कागद लागायचा. “साफ आहेत रे दादा.” किती वेळा म्हणाले असेन? पहिल्या वेळेला जीभ जड झाली होती. नंतर नाही झाली. माणूस कशालाही सरावतो.

कधीकधी मला त्याचा रागही यायचा. एवढा मोठा मेकॅनिक म्हणवतोस, तर मला खोटं का पाडत नाहीस? एकदा तरी म्हण, बेबी, तू नीट बघत नाहीयेस. पण तो म्हणायचा, “पॉइंट बेबीने बघितलेत, म्हणजे तिथे प्रॉब्लेम नाही.” चाळीतल्या लोकांना हे असं अभिमानाने सांगायचा.

नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, मी सकाळी उठले तेव्हा ठरवून उठले की आज काढायचाच. पण आबा माझ्याआधी उठले होते. त्यांनी दादाचे पाने, पक्कड, पेचकस सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग गल्लीत जाऊन गाडीच्या हँडलला हार घातला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. फिटर माणूस, हत्यारांची पूजा त्यांच्याइतकी मनापासून कोणी करत नसेल. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नियम. दुपारी मी गल्लीकडे वळले तर आई खिडकीतून म्हणाली, “गो, पूजा झाली हा, आज नको हात लावू.”

मला ना पाना लागणार होता ना पेचकस. टोपण काढायचं आणि नखाने कागद ओढायचा, दोन मिनिटांचं काम. आई आत वळली असती की झालं असतं. पण मी मागे फिरले. पूजेतल्या वस्तूला हात लावला तर पाप, असं मी स्वतःला बजावलं. आयुष्यात एवढी धार्मिक मी त्या एकाच दिवशी झाले.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून, दादा यायच्या आधी, मी एकटी गल्लीत उभी होते. झेंडू कोमेजला होता. मी हात फटीत घातला, टोपण काढलं, कागदावर बोट ठेवलं. इथे मला लिहिता आलं असतं की कोणीतरी हाक मारली आणि राहून गेलं. कोणी हाक मारली नाही. चाळ त्या वेळी अगदी शांत होती. मला भीती वाटली, एवढंच. मी टोपण परत बसवलं आणि घरात येऊन सोन्याची पानं ताटात मांडायला लागले.

दादाने धुतलेला शर्ट घातला होता. चाळीतले पाचसात जण गल्लीच्या तोंडाशी जमले. आबा स्टुलावर बसले, आई खिडकीत. दादाने गाडीला नमस्कार केला आणि किक मारली. मारत राहिला. आधी लोक “अजून एक, अजून एक” करत होते, मग तेही गप्प झाले. शर्ट ओला झाला, नडगीची खपली निघाली, रक्त मोज्यात उतरलं. तो थांबेना. शेवटी आबा उठले. मला वाटलं, हात धरून थांबवणार. त्यांनी पायजमा वर खोचला, दादाला बाजूला केलं आणि स्वतः किक मारली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. हँडलवरची कसलीशी कळ जरा मागे घेतली, पुन्हा मारली. पुन्हा मारली. तोंडाने पुटपुटत होते, “चल गो बाय. चल.” तेव्हा मला कळलं की ती चालू व्हावी असं आबांनाही वाटत होतं. कदाचित सगळ्यांत जास्त त्यांनाच. मी तिथे उभी होते. बोलले असते तर त्याही क्षणी झालं असतं.

आबांनी टाकीवर हात ठेवला. “मेली ही,” म्हणाले. मग ताटातलं एक पान उचलून दादाच्या हातात ठेवलं. “सोना घे.” दादाने वाकून नमस्कार केला. आबा माझ्याकडे वळले, “आवशीक सांग, पोरगो सोमवारपासून येतलो.”

मी खिडकीपाशी गेले आणि सांगितलं.

सोमवारी दोघं डबे घेऊन गेले. दादा पुन्हा त्या गल्लीत गेला नाही. ट्रंकेतल्या पँटी मीच काढून घडवंचीवर ठेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात भंगारवाला आला, त्याने घण घालून गाडीचे तुकडे केले आणि हातगाडीवरून नेले. पण ते बघायला मी नव्हते, कारण त्याच वैशाखात माझं लग्न झालं. सांताक्रूझचं स्थळ आलं, मुलगा चांगला होता, सगळं महिन्याभरात उरकलं. म्हणजे बघा, दसऱ्यापासून जेमतेम सात महिने. ज्या दोन पाळ्यांना घाबरून मी त्याला अडकवलं, त्या मला कधी कराव्याच लागल्या नाहीत. दोन्ही त्याच्या वाट्याला आल्या. पाठवणीच्या वेळी मी धाय मोकलून रडले तेव्हा बायका म्हणाल्या, भावावर केवढा जीव!

माहेरपणाला गेले की बघायची. दादा कारखान्यातून आलेला, हातपाय धुवायच्या आत, “सुरेश, बापाशीक सांग...” मग वहिनी आली, तीही शिकली. आबा गेले. आम्हाला वाटलं, आता तरी संपलं. तेराव्यानंतरच्या दिवशी मी तिथेच होते. आईने ताट वाढलं आणि म्हणाली, “सुरेश, बापाशीक सांग, जेवान वाढलंय.” दादा उठला, आबांच्या फोटोसमोर जाऊन म्हणाला, “आबा, जेवण वाढलंय.” परत आला. “आई, येतो म्हणाले.” मग आई जेवायला बसली. हे पुढे आठ वर्षं, आई जाईपर्यंत, रोज दोन वेळा. मी पाहुणी. दोन दिवस राहून डब्यात आंबोळ्या घेऊन घरी यायची.

आता त्या चाळीच्या जागी सात मजली बिल्डिंग आहे. दादा तिसऱ्या मजल्यावर राहतो. गल्ली गेली, रबराचा कारखानाही गेला. गेल्या वर्षी ऑक्टोबरातच मी त्याच्याकडे गेले होते. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला होता. इलेक्ट्रिशियनचा पोऱ्या... पोऱ्या कसला, चांगला बापई माणूस आला होता. तो स्टुलावर, आणि माझा बासष्ट वर्षांचा भाऊ खाली टॉर्च धरून उभा. वहिनी हसत म्हणाली, “यांना साधा बल्ब बदलता येत नाही, ताई. नळ गळला तरी प्लंबर. मी म्हणते, कारखान्यात काय केलंत एवढी वर्षं?”

“नाही येत आपल्याला. आपल्या हाताला ते नाही,” दादा म्हणाला. अगदी सहज म्हणाला. दुखून वगैरे नाही.

मला ते ऐकवेना. इलेक्ट्रिशियन गेल्यावर वहिनी खाली भाजी आणायला उतरली आणि मी सांगून टाकलं. कागद कसा फाटला, पहिल्या दिवशीच मला कसा लागला, किती वेळा लागला, दसऱ्याच्या सकाळीसुद्धा. कोणतीही गोष्ट मऊ करून सांगितली नाही. रडले नाही. रडून सांगायचा मला हक्क नव्हता.

दादा ऐकत होता. टॉर्च अजून हातातच होता, त्याचं बटण तो लावत होता, बंद करत होता. मग म्हणाला, “म्हणजे टायमिंग बरोबर होतं.”

“हो.”

“कार्ब्युरेटर पण?”

“सगळं बरोबर होतं रे दादा. तुझं सगळंच बरोबर होतं.”

त्याने मान हलवली. एक क्षण, फक्त एक क्षण, त्याच्या तोंडावर काहीतरी उमटलं, ताडपत्री काढली त्या संध्याकाळचं. मग ते गेलं.

“कशाला सांगितलंस गं आता?” तो म्हणाला. “आपल्याला येत नव्हतं, एवढं धरून माझं बरं चाललं होतं.”

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. मी नुसतं “दादा” म्हणाले. त्याने टॉर्च खणात ठेवला, खण लावला, आणि खिडकीकडे बघत म्हणाला, “अंधेरीची बस पाचला आहे. निघ, चुकेल.”

मी चपला घातल्या. दर वेळी तो माझी पिशवी घेऊन स्टॉपपर्यंत यायचा, बस लांब जाईस्तोवर उभा राहायचा. त्या दिवशी पिशवी मीच उचलली.